‘दुप्पट वाढा आणि ताट संपवा’ : एका संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला व्हॉट्सॲपवर एक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली लिहिले, ‘ताई, यातले सगळे करून पाहिले, तरी ती जेवत नाही. माझे कुठे चुकते आहे?’ ‘मुलांना भरवण्याची सात सूत्रे’ अशा मथळ्याचा तो संदेश त्याआधीही मला तीन-चार जणांकडून आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो पुरता न वाचताच सोडून दिला होता. या वेळी मात्र शब्दन् शब्द वाचला, कारण माझ्या अडीच वर्षांच्या भाचीला रोज त्या सूत्रांनुसार जेवायला बसवले जात होते.

ज्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी त्यातील मजकूर थोडक्यात सांगते. लहान मूल वाढलेल्यातले अर्धेच खाते, म्हणून त्याला नेहमी दुप्पट वाढावे. लहान मुलाला पोट भरल्याचे कळत नसते, म्हणून ताट रिकामे झाल्याशिवाय त्याला उठू देऊ नये; ते तोंड उघडत नसेल तर क्षणभर नाक दाबावे, म्हणजे तोंड आपोआप उघडते. भाजी संपवली तर गोड पदार्थ बक्षीस द्यावा. एखादी भाजी दोनदा नाकारली तर ती मुलाला मानवत नाही असे समजून पुन्हा करू नये. जेवण कमी झाले तर दूध आणि फळांचा रस देऊन पोट भरावे. त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या वजनाशी आपल्या मुलाचे वजन ताडून पाहत राहावे. आणि शेवटचे सूत्र असे की, मूल एखादा पदार्थ हट्टाने मागत असेल तर तो अवश्य द्यावा, कारण शरीराला काय हवे ते मुलाला उपजतच कळते.

मी बालवाडीत शिकवते आणि मुले खात असताना त्यांच्या शेजारी बसण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मी डॉक्टर नाही, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते शक्य तिथे या विषयावरील प्रकाशित अभ्यासांच्या आधाराने लिहिते आहे. सातही सूत्रांना सारखाच वेळ देण्याची गरज नाही. त्यांतली काही निरुपयोगी आहेत, एकात अर्धे सत्य आहे आणि एक सरळसरळ धोक्याचे आहे. त्या धोक्याच्या सूत्रापासूनच सुरुवात करते.

घास गिळताना आपला श्वास क्षणभर थांबतो आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, म्हणूनच अन्न अन्ननलिकेत उतरते आणि फुप्फुसांकडे जात नाही. नाक दाबलेले मूल जेव्हा तोंड उघडते तेव्हा ते घास घेण्यासाठी उघडत नाही, जीव घुसमटल्यामुळे श्वास घेण्यासाठी उघडते. म्हणजे श्वासनलिका उघडी आहे आणि हवा जोराने आत ओढली जात आहे, नेमक्या त्याच क्षणी आपण चमचा आत सरकवतो. घन घास श्वासमार्गात अडकला तर मूल गुदमरू शकते, आणि पातळ अन्न फुप्फुसात उतरले तर तिथे संसर्ग होऊ शकतो. रडणाऱ्या मुलाला भरवण्यातही हाच धोका आहे, कारण हुंदका म्हणजे खोल आणि अनियमित श्वासच असतो. हे वाक्य ज्या कोणी प्रथम लिहिले त्याने कदाचित ते आपल्या घरात पाहिलेले असेल आणि तिथे काही विपरीत घडलेही नसेल. पण काही घडले नाही म्हणून ती पद्धत सुरक्षित ठरत नाही. संदेशातले बाकी काहीही राहू द्यायचे असेल तर राहू द्या, पण ही एक ओळ कोणत्याही घरात वापरली जाऊ नये.

संदेश मिळाल्यानंतरच्या रविवारी मी बहिणीकडे गेले तेव्हा भाचीचे जेवण सुरू होऊन पाऊण तास झाला होता. समोर मोठ्या माणसाचे ताट होते आणि ते अजून अर्ध्याहून अधिक भरलेले होते. पोरीचा डावा गाल फुगलेला होता. आतला घास तिने चावलाही नव्हता आणि गिळलाही नव्हता, नुसता धरून ठेवला होता. बहिणीने एका हाताने तिची हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हातात चमचा होता. चमचा ओठांना लागला की भाची ओठ घट्ट मिटून मान फिरवायची, आणि मान जिकडे वळेल तिकडे चमचा जायचा. मी जवळजवळ दहा मिनिटे पाहत होते. तेवढ्या वेळात तिची नजर एकदाही ताटाकडे गेली नाही, ती चमच्यावरच खिळलेली होती.

मुलाला पोट भरल्याचे कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य नीट पाहावे. ओठ मिटणे, मान फिरवणे, घास गालात धरून ठेवणे, चमचा हाताने दूर सारणे ही सगळी पोट भरल्याचीच भाषा आहे. बोलता न येणारे तान्हे मूलही दूध पुरेसे झाले की तोंड बाजूला करते. ही भाषा आपल्याला वाचता येत नाही, आणि दोष मात्र मुलाच्या पोटाला दिला जातो.

याबाबत एक जुना आणि भक्कम अभ्यास आहे, ज्याचा आधार मी पुढेही घेणार आहे. लिॲन बर्च या अमेरिकी संशोधिकेने आपले बहुतेक आयुष्य लहान मुलांच्या खाण्याच्या अभ्यासात घालवले. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २ ते ५ वर्षे वयाच्या १५ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. सहा दिवस, चोवीस तासांत प्रत्येक मुलाने काय आणि किती खाल्ले याची नोंद ठेवली होती. एकाच मुलाच्या एकेका जेवणातल्या कॅलरी सरासरी सुमारे ३४ टक्क्यांनी वरखाली होत होत्या. सकाळी भरपूर, दुपारी नावापुरते, असे सर्रास घडत होते. पण पूर्ण दिवसाची बेरीज केली तेव्हा तीच तफावत सुमारे १० टक्क्यांवर आली, कारण एका वेळी कमी खाल्लेले मूल पुढच्या वेळी भरून काढत होते. पंधरा मुले म्हणजे लहानसा अभ्यास आहे हे मान्य; पण जेवण हे एकक धरून मुलाची भूक मोजू नये, निदान दिवसभराचा हिशेब पाहावा, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. ज्या आईला दुपारचे अर्धे ताट उरलेले दिसते आणि संध्याकाळी मुलाने मागून खाल्लेले आठवत नाही, तिला आपले मूल उपाशी आहे असेच वाटत राहते.

शिवाय दीड-दोन वर्षांच्या सुमारास भूक खरोखरच मंदावते, आणि त्यात आजार काही नाही. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम अडीच किलोने वाढते आणि त्यानंतर कित्येक वर्षे दरसाल साधारण दोन किलोने. वाढीचा वेग इतका उतरल्यावर किलोमागे लागणारे अन्नही कमी होते. तेव्हा ‘आधी किती छान खायची, आता तोंडच उघडत नाही’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात नेमकी याच वयात ऐकू येते आणि संदेशासारखे उपायही याच वयात आईबापांना हवेसे वाटतात.

ताट संपवण्याच्या आग्रहाने मूल अधिक खाते, ही समजूतही तपासली गेली आहे. २००६ साली बर्च यांच्याच गटातील संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप दिले. काही वेळा ‘सूप संपव’ असे सांगितले आणि काही वेळा काहीच सांगितले नाही. नाक दाबणे, हनुवटी धरणे असले काही तिथे अर्थातच नव्हते, फक्त शब्दांचा आग्रह होता. तेवढ्यानेही मुलांनी आग्रह असताना कमी सूप प्यायले, आणि त्या सुपाविषयी नापसंतीचे उद्गार कितीतरी अधिक वेळा काढले. त्याआधी, १९९४ साली, जॉन्सन आणि बर्च यांना असे आढळले होते की ज्या मुलांच्या आया त्यांच्या खाण्यावर अधिक नियंत्रण ठेवत, त्या मुलांना आपल्या भुकेनुसार खाणे कमी जमत होते. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्या अभ्यासावरून ठामपणे सांगता येत नाही. मूल नीट खात नाही म्हणून आई कडक झाली, असेही असू शकते. पण मुलाचा स्वतःच्या पोटाशी असलेला संवाद रोज दोनदा तोडत राहावे, यासाठी कोणताही पुरावा कुणी दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही.

आता दुप्पट वाढण्याचे सूत्र. इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि मी ती फारशा खुशीने करीत नाही: जास्त वाढले तर मुले जास्त खातात, हे बऱ्याच अंशी खरे आहे. जेनिफर ऑर्लेट फिशर, बार्बरा रोल्स आणि लिॲन बर्च यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या जेवणातला मुख्य पदार्थ कधी वयाला साजेसा आणि कधी त्याच्या दुप्पट वाढला. दुप्पट वाढलेल्या दिवशी मुलांनी तो पदार्थ २५ टक्के अधिक खाल्ला आणि संपूर्ण जेवणातल्या कॅलरी १५ टक्क्यांनी वाढल्या. संदेश लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते तर त्याने ते मोठ्या अक्षरांत छापले असते.

पण तोच अभ्यास पुढे वाचला तर सूत्राचा पायाच सरकतो. दुप्पट अन्न समोर असताना मुलांचा प्रत्येक घास मोठा झाला होता, आणि वाढलेले खाणे त्या मोठ्या घासांतून आले होते. बहुतेक मुलांना ताटात जास्त वाढले आहे हे लक्षातही आले नव्हते. मी बालवाडीत हे रोज पाहते: ढीग मोठा असला की चमचा खोल जातो आणि भरून येतो, आणि थोडेसेच अन्न असले की मूल चमच्याच्या टोकाने उचलते. म्हणजे ताटाचा आकार आणि ढिगाची उंची पोटाचा आवाज दाबून टाकतात. ज्या मुलाला आधीच भूक आहे आणि ज्याला तो पदार्थ आवडतो, त्याच्या बाबतीत हे घडते. गालात घास धरून बसलेल्या माझ्या भाचीच्या बाबतीत हे घडत नाही; तिच्यासमोरचा ढीग तिला फक्त न संपणारा दिसतो. याच अभ्यासात मुलांना स्वतः वाढून घेऊ दिले तेव्हा, मोठ्या वाढपाच्या तुलनेत, त्यांनी तो पदार्थ २५ टक्के कमी खाल्ला. याचा अर्थ असा की ताटात वाढणारा हात मोठ्या माणसाचा असतो तेव्हाच प्रमाण सुटते.

वयाचा मुद्दाही संदेशात नाही. २००० साली रोल्स, एंगेल आणि बर्च यांनी चीज घातलेल्या मॅकरोनीचे लहान, मध्यम आणि मोठे वाढप करून पाहिले, तेव्हा ५ वर्षांची मुले मोठ्या वाढपाबरोबर अधिक खात गेली, पण ३ वर्षांच्या मुलांवर त्याचा परिणाम दिसला नाही. पुढच्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांची मुलेही प्रभावित झालेली दिसली, त्यामुळे नेमके कोणत्या वयापासून हे सुरू होते यावर एकमत नाही. आणि ज्याला वाढीव खाणे हाच विजय वाटतो त्याने ही सवय कुठवर जाते तेही पाहावे: पोटाऐवजी ताट पाहून खायला शिकलेले मूल पुढे मोठ्या पाकिटातून आणि मोठ्या पेल्यातूनही तसेच खाते.

या सगळ्यात संदेशाने पूर्ण वगळलेली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, काय दुप्पट वाढायचे? फिशर, रोल्स, बर्च आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ५ ते ६ वर्षांच्या ५३ मुलांना एकच पदार्थ चार प्रकारे दिला: वाढप एक तर २५० ग्रॅम किंवा ५०० ग्रॅम, आणि ग्रॅममागे कॅलरी एक तर १.३ किंवा १.८. वाढप मोठे केले तरी कॅलरी वाढल्या, पदार्थ दाट, म्हणजे ग्रॅममागे अधिक कॅलरींचा, केला तरी वाढल्या, आणि दोन्ही एकदम केले तेव्हा दोन्ही परिणामांची बेरीज झाली. लहान आणि हलक्या वाढपाच्या तुलनेत मोठ्या आणि दाट वाढपातून मुलांनी त्या पदार्थाच्या ७६ टक्के अधिक आणि पूर्ण जेवणात ३४ टक्के अधिक कॅलरी घेतल्या, आणि जेवणातले बाकीचे पदार्थ कमी करून त्याची भरपाई केली नाही. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, प्रथिने किंवा कर्बोदकांतून ४ आणि पाण्यातून शून्य. भाज्या आणि फळे बहुतांशी पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे तीच वाटी कशाने भरली यावर सारा हिशेब बदलतो. तळलेला, गोड किंवा चीज-लोण्याचा पदार्थ दुप्पट वाढणे आणि शिजवलेले गाजर दुप्पट वाढणे या दोन वेगवेगळ्या कृती आहेत, आणि संदेश त्यांना एकच समजतो.

गाजराचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या मुलांना जेवणाच्या आधी, बाकी काहीही समोर नसताना, गाजर दिले गेले: कधी ३० ग्रॅम, कधी ६०, कधी ९०. तीसऐवजी साठ ग्रॅम ठेवले तेव्हा मुलांनी ४७ टक्के अधिक गाजर खाल्ले. नव्वद ग्रॅम ठेवल्यावर मात्र त्यात आणखी भर पडली नाही. मला यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. ज्याला दुप्पट वाढण्याची हौस असेल त्याने ती भाजीवर भागवावी, तीही भूक ताजी असताना आणि अधिक आवडणारा पदार्थ टेबलावर येण्यापूर्वी. आणि दुपटीलाही मर्यादा आहे. तिसरा ढीग तसाच उरतो.

‘आमचे मूल खरोखरच बारीक आहे, त्याला तरी दुप्पट वाढू नये का,’ असे कुणी विचारेल, आणि हा प्रश्न योग्य आहे. जगात अशी असंख्य मुले आहेत ज्यांना खरोखर कमी अन्न मिळते, आणि त्यांच्या आयांना ‘मूल ठरवील तेवढेच द्या’ एवढे सांगून मोकळे होणे हा अन्याय आहे. कुपोषित मुलाची भूकच मरते, त्याला प्रेमाने आणि चिकाटीने खाऊ घालावे लागते. पण तिथेही उत्तर मोठ्या ढिगाचे नाही. लहान मुलाचे पोट छोटे असते, त्यात एका वेळी फार मावत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वरचे अन्न ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा आणि ९ ते २३ महिन्यांत तीन-चारदा, मध्ये गरजेनुसार एक-दोन वेळा खाऊ, असे विभागून द्यायला सांगते, आणि त्याचबरोबर मुलाचे संकेत ओळखून, सावकाश, आग्रह असला तरी बळजबरी न करता भरवायला सांगते. घास थोडा, पण त्यात पोषण अधिक, आणि वेळा जास्त, असा तो मार्ग आहे. पाण्यासारखे पातळ अन्न वाडगाभर देण्यापेक्षा दाट अन्न अर्धी वाटी दिलेले बरे. बारीक मुलासाठी दाट अन्न आणि भरपूर खाणाऱ्या मुलासाठी हलके अन्न, हा भेद कोणत्याही एका सूत्रात बसणारा नाही.

बक्षिसाच्या सूत्राविषयी थोडक्यात लिहिते. भाजी खाल्लीस तर गोड देईन, असे म्हटल्यावर मूल एवढेच शिकते की भाजी ही सोसण्याची गोष्ट आहे आणि गोड ही मिळवण्याची. बर्च आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या प्रयोगात एखादे नवे पेय बक्षिसासाठी प्यायला लावल्यावर मुलांची त्याविषयीची पसंती घटली होती. खाण्याच्या पदार्थाऐवजी एखादे चिकटचित्र (स्टिकर) दिल्यास नवी भाजी चाखायला मुले तयार होतात, असे नंतरच्या काही अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा बक्षीस म्हणून काहीच देऊ नये असे मी म्हणत नाही. गोड पदार्थ मात्र बक्षीस म्हणून नको.

दोनदा नाकारलेली भाजी सोडून द्यावी, हे तर अगदीच चुकीचे आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाविषयी संशय असणे हा वाढीचाच भाग आहे. बर्च आणि मार्लिन यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना काही नवे पदार्थ दोनदाच आणि काही वीस वेळांपर्यंत चाखायला दिले. जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला तितका तो अधिक आवडू लागला. बऱ्याच मुलांना आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा चाखावे लागते, आणि चाखणे म्हणजे वाटाण्याएवढा तुकडा जिभेला लागणे, वाटीभर संपवणे नाही. भाजी दुसऱ्यांदा नाकारली म्हणून बंद करणाऱ्या घरात मुलाची यादी दर महिन्याला आखडत जाते आणि मग तेच मूल हट्टी ठरते.

दूध आणि रसाने पोट भरण्याचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो म्हणून त्याविषयी सावध करते. वर्षावरील मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरहून बरेच अधिक दूध प्यायले तर पोट भरते, जेवणाची भूक उरत नाही, आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने मुलाला रक्तक्षय होऊ शकतो. मूल जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध प्याले म्हणून जेवण नाही, हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे. बहिणीकडेही जेवणाच्या अर्धा तास आधी भरलेली बाटली दिली जात होती. फळांच्या रसाबाबत अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली स्पष्ट सांगितले आहे की पहिल्या वर्षात तो देऊच नये आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मिलिलिटरच्या वर देऊ नये. अख्खे फळ, वयाला सोसेल असे मऊ करून किंवा बारीक चिरून दिले, तर रसाची गरजच उरत नाही.

आता शेवटचे सूत्र पाहा: मुलाला काय हवे ते उपजत कळते, म्हणून मागेल ते द्या. ज्या संदेशाच्या दुसऱ्या सूत्रात मुलाला स्वतःचे पोट भरल्याचेही कळत नाही, त्याच्याच सातव्या सूत्रात त्याला आहारशास्त्र उपजत येते. या समजुतीचे मूळ बहुधा क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरच्या प्रयोगात आहे. तिने १९२० आणि ३० च्या दशकांत नुकते अंगावरून सुटलेल्या १५ बाळांपुढे तीसहून अधिक पदार्थ ठेवून त्यांना स्वतः निवडू दिले. बाळाने बोट दाखवल्याशिवाय किंवा हात पुढे केल्याशिवाय परिचारिकेने काहीही भरवायचे नाही, सुचवायचे नाही, असा नियम होता. मुले उत्तम वाढली. पण त्या यादीत साखरेचा एकही पदार्थ नव्हता. सगळे अन्न साधे आणि ताजे होते, आणि ती यादी मोठ्या माणसाने केली होती. प्रयोगाची किल्ली त्या यादीतच होती, असे डेव्हिसने स्वतः १९३९ साली सांगितले. किती खायचे हे मुलाला कळते, याला तो प्रयोग आधार देतो. मिठाई आणि भाजी यांतून मूल भाजी निवडील, याला तो काडीचाही आधार देत नाही.

मला या संदेशातली सर्वांत मोठी गफलत इथे दिसते. जे मुलाने ठरवायचे, म्हणजे किती खायचे आणि आत्ता खायचे की नाही, ते त्यात मोठ्यांच्या हाती दिले आहे. आणि जे मोठ्यांनी ठरवायचे, म्हणजे समोर काय ठेवायचे आणि कोणत्या वेळी, ते मुलाच्या हट्टावर सोडले आहे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी फार पूर्वीच स्पष्ट करून ठेवली आहे आणि बालवाडीत मला तिच्याहून उपयोगी काही सापडलेले नाही.

वजनाच्या तुलनेविषयी एवढेच सांगते की तुलना करायची तर मुलाची त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदींशी करावी. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे आलेख सहा देशांतील निरोगी मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत, आणि त्यांत खालच्या रेषेजवळून सातत्याने चालणारे मूलही निरोगी असू शकते. चिंता तेव्हा करावी जेव्हा वजन थांबते, घटते किंवा एका रेषेवरून दुसरीवर घसरत जाते. जेव्हा खाताना वारंवार ठसका लागतो किंवा उलटी होते. जेव्हा गिळताना दुखते असे दिसते. किंवा जेव्हा मूल खात असलेल्या पदार्थांची संख्या कमी होत होत हाताच्या बोटांवर येते. असे काही असेल तर सूत्रे वाचत बसू नये, बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही भाचीची बाटली जेवणाआधी दिली नाही. छोट्या वाटीत प्रत्येक पदार्थाचे दोन मोठे चमचे वाढले (वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक, हा सुरुवातीचा साधा अंदाज आहे, आणि मागितले तर पुन्हा वाढायचे) आणि चमचा तिच्या हातात दिला. बहीण शेजारी बसून स्वतःचे जेवली. तिचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा तिनेच तो मागे घेतला. पोरीने एक पदार्थ संपवला, दुसऱ्यात बोट बुडवून ते चाखले आणि तिसऱ्याला हातही लावला नाही. वीस मिनिटांनी ती खाली उतरायला लागली तेव्हा तिला उतरू दिले. रात्रभर बहिणीला झोप लागली नाही, हे तिने मला सकाळी सांगितले. भाचीने सकाळी उठल्याबरोबर खायला मागितले, हेही सांगितले. एका दिवसावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही, आणि पुढचे काही आठवडे तिचे वजन नियमित पाहायचे असे आमचे ठरले आहे.

हे उत्तर आपल्या गटात पाठवू का, असे बहिणीने विचारले आहे. इतके लांब कुणी वाचणार नाही अशी तिला भीती वाटते. मी तिला सांगितले की आधी नाक दाबण्याविषयीचा परिच्छेद तेवढा एकटा पाठव, आणि तो आजच पाठव.